जर्मन भाषेत गेलेला शेवट मराठीत कळविणेबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक,
परदेशी भाषांतर अनुदान कक्ष, मुंबई.

विषय : कै. त्रिंबक सानप यांच्या कादंबरीचा शेवट त्यांच्या पत्नीस कळविणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र.

महोदय,

अर्जदार वच्छलाबाई त्रिंबक सानप, धंदा ऊसतोड, हिला लिहिता येत नसल्याने हा अर्ज तिच्या सांगण्यावरून शेजारी पंडित घुमरे लिहीत आहे. मधे तोल सुटला तर तो लिहिणाराचा समजावा.

१. त्रिंबकराव दुष्काळावर कादंबरी लिहीत. कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत ही भाकरी थापायची आणि ते लिहिलेले वाचून दाखवायचे. त्यातली भिवरा म्हणजे हीच, हे सगळ्या टोळीला ठाऊक. भिवराचा नवरा आजारी पडतो आणि ती ऊसतोडीला जायचे ठरवते, इथवर बाईने ऐकले. पुढल्या साली तसेच घडले. त्यांना काविळीने धरले, मुकादमाची गाडी दारात आली आणि ही भावाच्या टोळीबरोबर गेली. शेवट त्यांनी एकट्याने लिहिला. ती परतेपर्यंत ते राहिले नाहीत.

२. सहकारी छापखान्याने पुस्तक छापले आणि लगेच तो अवसायनात निघाला, हस्तलिखितही त्यातच गेले. शेवट वर्षश्राद्धाला, भावकी बसवून वाचायचा, असे बाईने ठरवले. तोवर हंगाम आला. आमच्याकडे ऊसतोडीला जाताना जीव अडकलेली वस्तू मागे राहणाराच्या घरी ठेवतात. तेव्हाच आपले कार्यालय प्रस्तावासाठी प्रती मागत होते. बाईने होता तो सगळा गठ्ठा आपल्याकडे पाठवला. सरकारपेक्षा पक्के घर कोणाचे, असा तिचा समज! परत आल्यावर मागितल्या तर म्हणे प्रस्तावाला जोडल्यात. पुन्हा मागितल्या तर म्हणे जागा बदलताना रद्दीत गेल्या. हद्द झाली साहेब.

३. अनुदान मिळाले, पुस्तक जर्मनीला गेले, याबद्दल बाई आपले उपकार मानते. भाषांतर करणाऱ्या बाई वारल्या. यंदा एक जर्मन बाई पुस्तक वाचून टँकरच्या मागोमाग वस्तीवर आल्या. ‘भिवरा?’ एवढेच विचारले, वच्छलाबाईला मिठी मारली आणि हमसून हमसून रडल्या. दोघींना एकमेकींचे अक्षर कळेना. तेव्हापासून हिला अन्न गोड लागत नाही. रोज दारात येऊन विचारते, "पंडितभाऊ, ती कावून रडली? माझी कीव आली म्हून, का मी मालकाला टाकून गेलते म्हून?"

४. आधी शेवट मराठीत करून, निदान एक जर्मन प्रत मागितली, तेव्हा योजना मराठीतून बाहेर नेण्यापुरती आहे, उलट आणण्याची तरतूद नाही, आणि जर्मन प्रती फक्त परदेशी वाचकांसाठी आहेत, असे आपण कळवले. बरे. मग वच्छलाबाईस परदेशी वाचक समजावे. तिला मराठी वाचता येत नाही, जर्मनही नाही. दोन्ही सारख्याच परक्या. लागेल ते ती लिहून द्यायला तयार आहे.

५. तेही बसत नसेल तर पुस्तक राहू द्या. जर्मन येणाऱ्या कोणाकडून शेवट वाचून घ्यावा आणि एकच कळवावे : भिवरा निघाली तेव्हा नवरा काय म्हणाला. दिवाळीनंतर बाई पुन्हा ऊसतोडीला जाईल, त्याआधी कळवावे. शिवी असेल तर शिवीच लिहावी. बाईचे शब्द जसेच्या तसे देतो : "गोड करून सांगू नगा. मालकाचं बोलणं मला वळखू येतं."

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
वच्छलाबाई त्रिंबक सानप (डावा अंगठा)
ता. पाटोदा, जि. बीड
दि. ११ मे २०१६

सोबत : उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट.