सरगमेला अक्कलदाढ म्हणू नये म्हणून

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (मनातल्या मनात, दुकानाच्या काउंटरमागे तेवढी जागा नाही) पत्राला सुरुवात करतो. मी मजेत आहे, म्हणजे निदान वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? आणि तुझ्या पेटीची तब्येत कशी आहे? बाबांना नमस्कार सांग. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत हे ठाऊक आहे, पण नमस्कार घ्यायला बोलावं लागत नाही. कॉलेज सोडल्याचा राग असणारच. पण सरांनी भर वर्गात सांगितलं की 'सा' आणि कोमल 'रे' यांच्या मध्ये काही म्हणजे काही नसतं. आत्या, असलं निमूट ऐकून घेणारं आपलं घराणं आहे का? मी दप्तर उचललं आणि तडक निघालो. (छत्री राहिली. ती आणायला परत गेलो, तेव्हा सरांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. ते सगळ्यात जास्त लागलं.)

तेव्हापासून या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आहे. मी पेट्यांच्या भात्यांना कापड चिकटवतो. समोरच्या बाकावर मालकांची पुतणी बसते आणि पितळी सूर कानशीने घासून जुळवते, म्हणून तिला सगळे 'कानस' म्हणतात. (स्वभावावरून म्हणतात असंही एक मत आहे. त्या मताच्या माणसाशी मी बोलणं टाकलंय.) ती पितळेची पूड फुंकते तेव्हा तिच्या भुवया अशा काही वर जातात की माझा गोंद हातावरच वाळतो. एकदा अंगठा आणि बोट चिकटून अर्धा दिवस गेला. ती म्हणाली, "कुणाच्या आमटीत मीठ टाकतोयस?" आपणहून माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. जपून ठेवलंय.

तर शनिवारी संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत एक मंडळी जमते. आपण सप्तकाचे बारा तुकडे करून गप्प बसतो. हे लोक एकोणीस करतात, एकतीस करतात, रंगात आले तर त्रेपन्न. त्यातले काही सूर वेचले की झाली नवी सरगम. इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं. मग तिला नाव काय द्यायचं यावरून खुर्च्या सरकायला लागतात. एक गट म्हणतो, नावात मोजमाप हवं, 'एक लांब, आठ आखूड' असं. दुसरा म्हणतो, पोराला कुणी 'साडेतीन किलो' अशी हाक मारतं का? कानस पहिल्या गटात, म्हणून मीही पहिल्या गटात (मनाने दुसऱ्या). दुसऱ्या गटाचे म्होरके एक दाताचे डॉक्टर आहेत.

मीही एक सरगम रचली. एकोणीस तुकडे, नऊ सूर. आठ पावलं दोन-दोन तुकड्यांची आणि मध्येच एक लांब, तीन तुकड्यांचं. कशी सुचली देव जाणे, पण कागदावर उतरली तेव्हा ओळखीची वाटली. शनिवारी मी उभा राहिलो आणि गट, तत्त्व सगळं खुंटीला टांगून जाहीर केलं की हिचं नाव 'कानस'. कानसने कागद पाहिला आणि म्हणाली, "ही डॉक्टरांचीच आहे. त्यांचं लांब पाऊल पहिलं, तुझं पाचवं, एवढंच. गोल टेबलाभोवती तीच माणसं बसलीत. तू चहा दुसऱ्याच माणसापासून वाटायला घेतलास."

आणि डॉक्टरांनी आपल्या सरगमेला कधीचंच नाव देऊन ठेवलंय: अक्कलदाढ! म्हणजे मी भर सभेत त्या मुलीला काय ठरवलं, तूच बघ. डॉक्टर हसले. मी मूठ आपटली, "या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही" म्हणालो आणि बाहेर पडलो. शटर ओढायचं काम माझ्याकडेच असल्यामुळे सभा संपेपर्यंत फुटपाथवर उभं राहावं लागलं.

मंडळीचा नियम असा की जो सरगम पहिल्यांदा खऱ्या वाद्यावर वाजवेल, नाव ठेवायचा हक्क त्याचा. माझं काय, डॉक्टरांचं काय, अजून सगळं कागदावरच. पण डॉक्टरांनी तशी पेटी बनवायला टाकलीय, आमच्याच दुकानात, आणि तिचा भाता मीच चिकटवतोय. (नीट चिकटवतोय. मोह होतो, पण भाते कानस तपासते.) ती पेटी वाजली की अक्कलदाढ कायमची. बाकी सर्व ठीक. जपून राहा.

तुझा
डोक्याने तापट, मनाने बरा
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. काल कानस म्हणाली, "नावाचं राहू दे, गाऊन दाखव." मी गायलो. न अडखळता, सगळेच्या सगळे नऊ सूर. तिने हातातली कानस खाली ठेवली. "हे कागदावरून येत नाही. कुठे ऐकलंस?" आणि मला एकदम तुझी पेटी आठवली. लहानपणी मी तिच्याशेजारी झोपायचो. वर्षानुवर्षं आपापल्या मर्जीने सरकलेले तिचे सूर, आणि मधली ती मुकी पट्टी, जिच्यावरून तू अलगद उडी मारायचीस! तेच माझं लांब पाऊल. आत्या, सरगम डॉक्टरांची नाही, माझीही नाही. पहिल्यांदा वाजवलीस तू. नाव तू ठेवायचं.

ता. क. २. ताईने कळवलंय की बाबा तुझी पेटी दुरुस्तीला देतायत. देऊ नकोस! वेळ आली तर पेटीवर बसून राहा (गुडघा सांभाळून). रविवारी आम्ही दोघं येतोय. कानस स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय मानणार नाही. दार बाबांनी उघडलं तर बरं होईल. छत्री विसरणार नाही म्हणावं.

ता. क. ३. नाव कोणतं ठेवावंस हे मी सुचवणार नाही. तुला अंदाज आलाच असेल.

ता. क. ४. मी पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात कानसने विचारलं, "मी त्यांना काय म्हणू? काकू?" मी म्हटलं, आत्या म्हण. तिने पितळेची पूड फुंकली आणि हळूच म्हणून पाहिलं, "आत्या." मग पुन्हा एकदा. आता तू खुशाल अक्कलदाढ ठेव.