नेटाबाईंच्या मागे

४ जून, गुरुवार

पुन्हा शेपूट! टूरच्या पुढे गाईड चालतो आणि मागे एक जण – रेंगाळणाऱ्यांना हाकायला, दारं ओढून घ्यायला. त्याला आमच्यात शेपूट म्हणतात. आणि दर गुरुवारी नेटाबाईंच्या टूरला शेपूट कोण? मी! डनफर्मलिनच्या मठातला खांब न् खांब ज्याला ओळखतो तो मी. रोसाइथच्या गोदीत वेल्डिंग करायचो तेव्हा डबा खायच्या सुट्टीत राजांच्या वंशावळी पाठ केल्या. कॉलेजची पायरी चढलो नाही, पण मी सांगितलेल्या एका तरी सालात कुणी चूक काढून दाखवावी.

कामं एफी वाटून देते. तिला विचारलं, "दर वेळी मीच का?"

"तुझे पाय धडधाकट आहेत म्हणून." मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

११ जून, गुरुवार

आज बोललोच. किती दिवस ऐकून घ्यायचं?

मठाच्या चर्चमध्ये, प्रवचनाच्या चौथऱ्याखाली जिथे पितळी पत्रा बसवलाय तिथे सगळे गोल करून उभे. नेटाबाई गळ्यातला गाईडचा निळा पट्टा सारखा करत म्हणाल्या, "इथे स्कॉटलंडच्या राजा रॉबर्ट ब्रूसचं हृदय पुरलंय. बाकीचा राजा मेलरोजच्या मठात."

माझ्या अंगाची लाही झाली. मागूनच ओरडलो – "उलटं! उलटं सांगताय, नेटाबाई! देह इथे, हृदय मेलरोजला. आणि आतडी पार पश्चिमेला, कार्ड्रॉसकडे!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. नेटाबाईही हसल्या. "अगबाई! म्हणजे इतकी वर्षं मी राजाच्या भलत्याच भागाशी बोलतेय की काय!" त्यांचा एक हात मागे बाकाची पाठ चाचपडत होता. मग म्हणाल्या, "पुढचं तूच सांग, गॅव्हिन."

सांगितलं. छान झालं – खोटं कशाला लिहू? लोकांनी प्रश्न विचारले, एकाने हात मिळवला. दुसऱ्या गाईडची चूक त्याच्या मंडळींसमोर काढायची नाही हा आमचा न लिहिलेला नियम. मोडला, कबूल. पण इतिहासापुढे नियम कसला?

१२ जून, शुक्रवार

गाईडांच्या खोलीत गेलो तर किटली कुणी माझ्याकडे सरकवेना. टॅम – चाळीस वर्षं टपाल वाटून आता गाईड झालेला, जिभेला हाड नाही – म्हणाला, "या प्रोफेसर! राजाची आतडी मिळाली का?" पण त्याच्या विनोदावर कुणी हसलं नाही. टॅमसुद्धा नाही.

खुंटीवर नेटाबाईंचा निळा पट्टा. नीट घडी करून. कालच ठेवून गेल्या म्हणे. परत येणार नाहीत.

एफीने मला बाहेर नेलं. मठाशेजारच्या बागेतला एक मोर कुंपणावर चढून ठाण मांडून बसला होता. त्याच्यासमोरच तिने मला झापलं.

"विसरायला होतंय नेटाला, गॅव्हिन. हिवाळ्यापासून. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नाही."

"तुला नाही सांगितलं."

"का?"

"चूक ऐकून गप्प बसशील तू? या जन्मात?"

आता एकेक उलगडलं. नेटाबाईंच्या टूरच्या शेवटी टॅम दारात उभा राहून प्रत्येकाशी गप्पा का मारतो. बोलता बोलता खरं काय ते कानावर घालतो, त्यांचं नाव न घेता. आणि मला वाटायचं, बक्षिसीसाठी घुटमळतोय!

"मग मला शेपूट का ठेवलंत? टॅमला ठेवायचं."

"आम्ही तेच म्हणत होतो. नेटाने हट्ट धरला. म्हणाली, गॅव्हिन मागे असला की मला धीर असतो. त्याला सगळं येतं. पंचवीस तारखेला तिची नात येतेय कॅनडाहून. आजीची टूर एकदा ऐकायची आहे पोरीला. तेवढं निभावून न्यायचं होतं रे. तेवढंच."

मोराने तेव्हाच केकाटायचं ठरवलं. बरं झालं.

१३ जून, शनिवार

जेवण गेलं नाही. बाकाची पाठ शोधणारा तो हात मी पाहिला होता. पाहिला, टिपलासुद्धा – आणि बोलत राहिलो.

१४ जून, रविवार

पट्टा खिशात घालून नेटाबाईंकडे गेलो. दारातून परत फिरलो. कोपऱ्यावरून पुन्हा आलो. त्या खिडकीतून बघत होत्या. "आत ये, नाहीतर शेजारीण पोलिसांना बोलावेल!"

माफी मागायला तोंड उघडलं आणि काय बोललो, तर कार्ड्रॉसबद्दल विद्वानांत मतभेद आहेत! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी औषध घेतलं की नाही आठवत नाही बघ. शेजारणीचं नाव जातं. पण तुझं ते 'उलटं!' नाही जात. दातात अडकल्यासारखं बसलंय."

बाकी सगळं पुसलं जातंय, आणि माझं तेवढं राहिलंय.

पट्टा काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "पंचवीस तारखेला तुम्हीच टूर न्यायची."

"आणि पुन्हा उलटं झालं तर?"

"मी तोंड उघडणार नाही."

"ते तुला जमायचं नाही, बाळा." खूप हसल्या. मग पट्टा मांडीवर घेऊन बोटांनी सारखा करत राहिल्या. "कर्स्टी लहान होती ना, तेव्हा फोनवर विचारायची – आजी, राजा अजून झोपलाय का? मी म्हणायची, हो गं, हळू बोल."

पट्टा परत दिला नाही त्यांनी मला.

१८ जून, गुरुवार

आज शेपटाला टॅम. मला नुसतं घरी बसवलं. बरोबरच आहे.

२३ जून, मंगळवार

एफीचा फोन. आवाज कोरडा. "परवा शेपटाला तू. मला विचारशील तर मी कुत्र्यालासुद्धा ठेवेन, तुला नाही. पण नेटा म्हणते गॅव्हिनच हवा."

२५ जून, गुरुवार



सुरुवात झकास झाली. नेटाबाईंनी नवी लिपस्टिक लावलेली. राणी मार्गारेटबद्दल अशा बोलल्या की जणू गल्लीतली मैत्रीण. राजवाड्याच्या पडक्या भिंतीपाशी मोर केकाटला, तर म्हणाल्या, "दुर्लक्ष करा. राजघराण्यातला आहे, पण धाकटी पाती!" कर्स्टी – उंच, चष्मेवाली, आजीचीच हनुवटी – पुढेच उभी. तिचे डोळे आजीवरून हलत नव्हते.

मग चर्च. चौथरा. पितळी पत्रा.

"इथे राजा रॉबर्ट ब्रूसचं हृदय..." म्हणाल्या आणि थांबल्या.

एका गृहस्थाने फोन वर धरला. "बाई, इथे तर लिहिलंय की देह इथे आहे, हृदय–" तोच उत्साह. माझाच. त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटला.

"फोनमधलं सगळं खरं नसतं!" मी मागून गरजलो. "बाई सांगतात तेच बरोबर. हृदय इथेच आहे!"

आवाज छतापर्यंत घुमला. माझ्या तोंडून या शहराबद्दल निघालेलं पहिलं धडधडीत खोटं!

"तुम्ही नक्की गाईड आहात ना?" तो गृहस्थ म्हणाला. लोक हसले. या वेळी मला. कर्स्टीने मान खाली घातली. नेटाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पट्टा सारखा केला आणि म्हणाल्या, "चला. खिडक्या बघू."

कान तापले होते. पण आजची शरम वेगळी होती – काहीतरी फेडल्यासारखी. त्यांची लाज मी माझ्या अंगावर घेतली. आज झोप लागेल.

२६ जून, शुक्रवार

सकाळीच नेटाबाईंचा फोन. आवाज लख्ख.

"काल तोंडातून निघालं आणि लगेच कळलं रे, उलटं झालं. तुझं ते 'उलटं!' दातात अडकलेलं होतंच ना. म्हटलं, आता हसून सुधारते – कर्स्टीला दिसू दे, आजीला अजून येतं. तेवढ्यात तू मागून ठोकून दिलंस."

"मग... मग सांगितलं का नाही?"

"तुझी चूक? सगळ्यांसमोर?"

मग अगदी सहज म्हणाल्या,

"आपल्यात तसं करत नाहीत, गॅव्हिन."