चौथा खांदा

८ डिसेंबर २०२१, बुधवार

अंगणवाडीत गहू-मसुरीची पाकिटं वाटली. पोरं अजून येत नाहीत, त्यायच्या मायाच पिशव्या घेऊन येतात. दुपारी ग्रामसेवकाचा फोन. कोरोनानं ज्या बाईचा नवरा गेला तिले सरकारची मदत आली आहे, पन्नास हजार. गावातल्या अशा बायांची नावं मी अन् आशाताईनं घरोघरी फिरून आणायची. खाली सही माझी, सेविका म्हणून.

मी विचारलं, माझं नाव कोणी लिहायचं?

मंग म्हणे, "बाई, तुमच्या मालकाची टेस्ट झाली होती काय?"

टेस्ट कुठची. बेड कुठंच नव्हता. भंडाऱ्याले नेऊन राहिलो होतो, वरठीच्या अलीकडेच व्हॅनमध्ये संपले. कागदावर फक्त ताप लिहिला आहे. तं आता दुसऱ्यायची नावं लिहा सुनंदाबाई, चांगल्या अक्षरात.

सासूले सांगितलं नाही. सांगू कशी, बुढी एप्रिलपासून माझ्याशी बोलत नाही. जे काय आहे ते पिंकीच्या मार्फत. "तुह्या मायले सांग मीठ संपलं." मी तिच्यापासून दोनच हातांवर बसली असते.

९ डिसेंबर

आज दोन घरं झाली. दोन्हीकडे चहा, दोन्हीकडे रडणं. दुसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "तूच मशीन लावलं होतं न वं माह्या पोराच्या बोटाले." हो, मीच. त्या दोन महिन्यांत अख्ख्या गावाच्या बोटाले मीच ऑक्सिमीटर लावलं. एक मास्क धुऊन धुऊन आठ-आठ दिवस.

पिंकीच्या बाबांच्या तेरवीले चार लोकांत बुढी बोलली होती, "हिच्या नोकरीनं खाल्लं माह्या पोराले." कोणी तिले टोकलं नाही. मीपण नाही. खोटं काय बोलली ती? मीच फिरत होती, ते तं घर अन् तलाव सोडून कुठं गेले नव्हते. मीच आणला असन. कोणाच्या घरून आणला तेवढं कळलं नाही, बस. झोपताना अजूनही एकेक घर आठवून पाहते.

११ डिसेंबर, शनिवार

रेखाकडे गेली. समोरचंच घर. तिचा नवरा देवाभाऊ अन् पिंकीचे बाबा एकाच डोंग्यात बसायचे, जाळं दोघांच्या मालकीचं. देवाभाऊ एप्रिलात गेले, हार्ट अटॅकनं. त्यांच्यानंतर पंधरवड्यात हे. गावात आम्हा दोघींले जोडी म्हणतात. मी सहज गेली होती, गोठी सांगाले.

रेखानं दार लोटून घेतलं. म्हणे, "माहं नाव लिही सुनंदा."

मी हसली. "अवं, ही मदत कोरोनावाल्यायची आहे. देवाभाऊ तं हार्टनं गेले."

तिनं मोबाइल काढला. जुना मेसेज, जपून ठेवलेला. सिहोऱ्याले तिच्या माहेरी गेले होते तेव्हा देवाभाऊनं तिथं टेस्ट केली होती, पत्ताही सासऱ्याचाच टाकला. पॉझिटिव्ह. मेसेज आला तो दिवस मरणाच्या आदला.

मी उठून घरी आली. यापुढं आज लिहिणं होत नाही.

१२ डिसेंबर

सकाळपासून डोक्यात एकच. तिले माहीत होतं.

मयत माझ्या डोळ्यासमोर आहे. रेखा रडत रडत सगळ्यायले सांगत होती, बसल्या बसल्या छातीत कळ आली अन् गेले. त्या दिवसांत कोरोनाचं नाव निघालं की सख्खा भाऊ अंगणात पाय ठेवत नव्हता. हार्ट म्हटल्यावर लोक आले. खांद्याले चौघं लागले, त्यातले एक पिंकीचे बाबा. मयतीची आंघोळही यांनीच घातली.

अन् देवाभाऊच्या तेरवीचं ताट. यांना ताप होता म्हणून गेले नाहीत. रेखा स्वतः ताट घेऊन आली, पायरीवर ठेवलं अन् मागं सरकली. मले वाटलं दुःखात आहे, बोलाले होत नसन. यांनी वडा तोडून तोंडात टाकला अन् म्हणे, आज यायनं मीठच घातलं नाही. मी चाखला. मीठ होतं.

मी सेविका. गावाले शिकवत फिरत होती, तोंडाची चव गेली तं कळवा. घरच्या माणसाचं समजून घेतलं नाही.

आज सयपाक पिंकीनं केला.

१४ डिसेंबर, मंगळवार

तलावाच्या पारीवर गाठलं रेखाले. कपडे धूत होती. मी विचारलं, काहून केलं वं असं?

ती कपडे पिळतच राहिली. मंग म्हणाली, "सांगितलं असतं तं प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं असतं. माह्या पोराले आग देऊ देल्ली नसती. गावानं खांदा देल्ला असता काय? तूच सांग."

"मले तं सांगायचं होतं. मी तुही मैत्रीण होती."

"तू सेविका होती. तुले सांगणं म्हणजे गावाले सांगणं."

तिनं सांगितलं असतं तं मी रिपोर्ट केलाच असता, अन् गाडी बोलावली असती. हे खरं आहे म्हणून जास्त राग येऊन राहिला आहे. धुणं तिच्या हातातून ओढून पाण्यात फेकलं. पलीकडच्या दोघी बाया पाहत होत्या. पाहू दे.

१५ डिसेंबर

ग्रामसेवक घाई करून राहिले. सोमवारी मोहाडीले तहसीलात नावं पोचवायची. रेखाच्या नावापुढं माझी सही नाही. आशाताईनं विचारलं, "हिचं काय अडलं?" म्हटलं कागद कमी आहेत.

संध्याकाळी रेखाच्या दारात उभी राहून सांगून आली. सही पाहिजे तं माझ्या सासूपुढं येऊन बोल. सांग तिले, रोग कोणाच्या घरून आला. आठ महिने मी त्या घरात गुन्हेगारासारखी जेवून राहिली, अन् तू समोरून पाहत होती.

रेखा म्हणे, "अन् खांद्याचे बाकीचे तिघं? उद्या त्यायले कळलं तं माह्या पोराले पाण्यात उतरू देतीन काय? मासेमारांच्या सोसायटीतून नाव काढतीन."

"मले काय त्याचं," मी म्हटलं. असं मी बोलू शकते हे मलेच माहीत नव्हतं. पण बोलली, अन् वापस घेणार नाही.

१६ डिसेंबर

खांदा देणारे ते तिघंही आज दिसले. एक धान खरेदीच्या रांगेत, दोघं चावडीवर पत्ते खेळत होते. तिघायलेही काहीच झालं नव्हतं. मंग यांनाच काहून? आंघोळ घातली म्हणून असन. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नव्हते, एवढं आठवते. तिघायच्या तोंडाले ओले दुपट्टेही यांनीच बांधाले लावले, ऊन लागन म्हणून. स्वतःच्या तोंडाले बांधला की नाही ते आठवत नाही.

बुढी पिंकीले म्हणे, "तुही माय जेवली नाही काय आज?" पिंकी म्हणे तूच विचार. बुढी उठून गेली.

१७ डिसेंबर, शुक्रवार

रेखा आली. दुपारची वेळ, बुढी आतल्या खोलीत, पिंकी शाळेत. मले वाटलं आता ही बुढीकडे जाईन. पण ती छपरीतच बसली, खाटेच्या काठावर. याच खाटेवर हे झोपायचे शेवटी.

म्हणे, "तुह्या सासूपुढं मी बोलीन. सगळ्या गावापुढं बोलीन म्हटलं तरी बोलीन. पण आधी तू ऐक. मंग तूच ठरव, किती सांगायचं."

जसं बोलली तसं लिहून ठेवते, नाहीतं उद्या मलेच खरं वाटायचं नाही.

"लोक जमले तेव्हा मले भेव वाटलं. भाऊजीले मागच्या अंगणात बोलावलं. म्हटलं भाऊजी, रिपोर्ट असा आला आहे, तुमी तरी खांद्याले लागू नका, तुमच्या घरी लेकरू आहे. त्यायनं मोबाइल घेतला, पाहिला, वापस देल्ला. म्हणे, कोणाले दाखवला? म्हटलं कोणाले नाही. म्हणे, दाखवू नका. तिघं भेटले आहेत, चौथा कुठून आणू? मी आहो. आंघोळही मीच घालतो."

मी म्हटलं खोटं बोलून राहिली तू.

"माह्या पोराची शपथ. अन् जाता जाता म्हणे, सुनंदाले सांगू नका वहिनी, तिच्यानं खोट्यावर सही होत नाही."

हे वाक्य रेखाले बनवता येणार नाही. हे यांचंच आहे. राशन दुकानाच्या खोट्या यादीवर मी सही केली नव्हती, त्या भांडणापासून हेच म्हणत होते.

मले छपरी दिसून राहिली होती. मयतीहून आले ते सरळ तलावात डुंबून आले, अन् खाट बाहेर काढली. म्हणे आत गरमी होते. ताट वेगळं मागितलं, म्हणे खांदा देल्ला आहे, सुतक पाळू दे थोडं. पिंकी गळ्यात पडाले गेली तं ओरडले तिच्यावर, ती रडली. मी भांडली होती त्यावरून. म्हटलं होतं, मित्र गेला म्हणून लेकरावर काढता काय?

म्हणजे माहीत होतं. रोज रात्री दाराच्या एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ते, अन् त्यांना माहीत होतं.

रेखा कधी गेली कळलं नाही. मी मोठ्यानं रडली. आठ महिन्यांत पहिल्यांदा आवाज काढून रडली. बुढीनं ऐकलं असन.

१८ डिसेंबर

राग कोणावर काढू? रेखावर होता तो बरा होता. आता यांच्यावर येऊन राहिला आहे. मित्राले चार खांदे पाहिजेत म्हणून गेले. मी कोण होती मंग? मले एक शब्द सांगितला असता तं मी... काय केलं असतं? गाडी बोलावली असती. हो, केलंच असतं तसं. त्यांना माहीत होतं तेही.

दिवसभर अंगणवाडी उघडलीच नाही. आशाताईले सांगितलं डोकं दुखते.

१९ डिसेंबर, रविवार

रेखाच्या नावापुढची ओळ भरली. मृत्यूचं कारण, कोरोना. सही केली. हात थांबला नाही. खोट्यावर नव्हतीच ती सही.

यांचं नाव लिहू शकते. आशाताई म्हणाली होती, टेस्ट नसली तरी पॉझिटिव्हवाल्याच्या संपर्कात होते असं लिहून दिलं तं वरची समिती पाहते. पण संपर्क कसा, केव्हा, ते लिहा लागते. म्हणजे मयत लिहा लागन. ते तिघं अन् तो मागच्या अंगणातला मोबाइलही आला त्यात. ओळ कोरी ठेवली आहे.

संध्याकाळी चुलीपाशी होती. बुढी आली. पिंकी बाजूलेच बसली होती, पण पिंकीले काही म्हटलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणे, "रेखा काय सांगून गेली परवा?"

मी पिंकीकडे पाहिलं.

"टुरीले नाही, तुले विचारून राहिली मी."

आठ महिन्यांनी बोलली. इतके दिवस या एकाच गोष्टीची वाट पाहत होती मी. रोग मी आणला नाही, एवढं म्हटलं की झालं, सुटली मी. पण बुढी पुढचं विचारल्याशिवाय राहणार नाही. कोणी आणला? मंग ती रेखाच्या दारात जाईन. अन् रेखानं पूर्ण सांगितलं तं तिले कळन की पोरगा समजून-उमजून गेला. मायले काही न सांगता, लेकराले ओरडून, खाट बाहेर काढून.

म्हटलं, भाकर करपून राहिली माय, मंग सांगते.

भाकर उतरवली. बुढी गेली नाही. भिंतीशी उभा होता तो पाट घेतला, माझ्यासाठी आपल्या समोर टाकला, अन् स्वतः खाली बसली.

म्हणे, "बस. सांग."