बोटं दिली का?

ता. २ फेब्रु., रविवार
संदीपचा कॅनडाहून फोन. माझा व्हिसा नाकारला. म्हणाला, "नाना, आधारवर नामदेवला शेवटी व्ही आहे, पासपोर्टवर ओ. तिथंच अडलं." म्हणजे चूक माझीच. शाळेच्या दाखल्यावर काय असेल कोण जाणे, पेटी उघडायची भीती वाटते. भाकरी अर्धीच गेली.

ता. ६
पाथर्डीला आधारच्या ऑफिसात. सर्व्हर बंद. परवाही बंदच होता. तिथली पोरगी म्हणाली, "बाबा, एका अक्षरापायी किती हेलपाटे!" म्हटलं, बाई, त्या अक्षरावरच सगळं हाय.

ता. १७
तिसऱ्या फेरीला झालं. पावतीचा फोटो सं. ला पाठवला. त्याचा नुसता अंगठा आला.

ता. २३, रविवार
सं. चा फोन. ही गेली तेव्हा दहाव्याला सगळ्यांसमोर म्हणाला होता, नानांना इथं एकटं ठेवणार नाही, नव्या घरातली खालची खोली त्यांचीच. आज विचारलं, खिडकी कुठल्या अंगाला आहे. म्हणाला, "सध्या तिथं दोन पोरं भाड्यानं ठेवलीत, हप्त्याला हातभार. तुमचं झालं की काढतो." त्याच्या न् सुनेच्या, दोघांच्याही कामाच्या पाळ्या, नात दिवसभर पाळणाघरात. म्हटलं, मी सांभाळीन की. म्हणाला, तिला मराठी फारसं येत नाही. म्हटलं, मला तरी कुठं नीट येतंय? हसला नाही.

ता. ४ मार्च
शेजारची सुमनबाई कॅनडातल्या लेकीकडून परत आली. सहा महिने तिकडंच होती. बर्फाचं सांगून झालं, मग म्हणाली,
"भाऊ, तुमी बोटं कवा दिली?"
"कसली बोटं?"
"पुण्याला, व्हिसाच्या हापिसात. धाच्या धा बोटं काचंवर ठिवून ठसं घेत्यात. त्याबिगर कागद बघतच न्हाईत ते."
"माजी न्हाई घेतली."
सुमनबाईनं एकदम कांद्याच्या भावाचं काढलं. ती कधी बोलणं अर्ध्यावर सोडत नाही.

ता. ५
पासपोर्टचा फॉर्म भरून देणाऱ्याला तिसगावच्या स्टँडवर गाठलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला सूट असेल. "ऐंशीच्या पुढं असते. तुमी त्र्याहत्तरचे." पुण्याहून बोलावणं आलं होतं का, म्हणाला. नव्हतं. "मग अर्जच गेला नसंल, नाना."
चुकत असेल. एवढ्या लोकांचे फॉर्म भरतो, चुकू शकतो.

ता. ७
चुकत नाही.
येऊ नका म्हणाला असता तर गेलो नसतो. भाडेकरू आहेत, जागा नाही, एवढं सांगितलं असतं तरी कळलं असतं. मला माझ्याच नावामागं कशाला पळवलं? एस.टी.त उभ्यानं तीन फेऱ्या. आणि तिकडून दर खेपेला विचारायचा, नाना, झालं का काम? सुनेला माहीत असेल का? असेलच. का नसेल...

ता. ९, रविवार
सं. चा फोन. आधी गुडघा झाला, हवा झाली. मग विचारलं, "बोटं न घेता त्यांनी मला न्हाई कसं म्हनलं रे?"
त्याच्या मागं टीव्ही चालू होता, तो नीट ऐकू येत होता.
शेवटी मीच म्हणालो, "रेंज गेली वाटतं."
"व्हय नाना," तो म्हणाला. लगेच म्हणाला. नगरला कॉलेजात गेल्यापासून त्यानं व्हय म्हणायचं सोडलं होतं.
मी फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.