तपकिरी मोजे आणि श्रद्धेचं मानसशास्त्र

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. सोळा तारखेला आमच्या विचारमंडळात माझं भाषण आहे. विषय : माणूस देव का मानतो? अध्यक्ष म्हणाले, या विषयाला तुमच्याइतका कोरडा माणूस सापडणार नाही. बरोबर आहे. एकवीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, कोरडेपणावरच पगार घेतो.

सिद्धान्त सोपा. माणूस घाबरतो. हातात काही उरलं नाही की काहीबाही करत बसतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो. निरीक्षणासाठी नमुना घरातच आहे. ही रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत पाच मिनिटं डोळे मिटून बसते. लग्नापासून मी त्याकडे कौतुकाने पाहत आलोय. (हिच्या मते कुत्सितपणे.)

जाता जाता : उद्या हिच्या मानेवरची गाठ काढणार आहेत. किरकोळ आहे. मी घाबरलेलो नाही. आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ३
गाठ काढली. सर्जन म्हणाले, दिसायला साधी वाटते, पण तपासायला पाठवू, रिपोर्ट दहा दिवसांनी. तो ‘पण’ मी त्यांना पुन्हा म्हणायला लावला. नोंद अचूक हवी, म्हणून.

बाहेर बसलो असताना वेळ जाईना, म्हणून भिंतीवरचं आग विझवायचं सिलिंडर तपासलं. पिन जागेवर, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात. हात काढतो न काढतो तोच सर्जन हसत बाहेर आले. योगायोग. भाषणात उदाहरण म्हणून घेता येईल. अशातूनच भाबडी माणसं नाही नाही ते अर्थ काढतात.

पायांत तपकिरी मोजे होते. सहज नोंद.

५ मार्च, बुधवार
सकाळी काळे मोजे घातले. बसस्टॉपवरून परत आलो आणि बदलले. काळे जरा घट्ट होतात.

कारखान्यात बारा सिलिंडरं. बाराही तपासली. एरवी महिन्यातून एकदा तपासतो. पण काळजी घेण्याला कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही.

६ मार्च, गुरुवार
तपकिरी जोड एकच आहे. काल धुतला, वाळला नाही. ओलाच घातला. ही म्हणाली, अहो, सर्दी होईल. मी म्हणालो, चामड्याच्या बुटात ओलावा किती टिकतो ते पाहतोय. तिने वाद न घालता डब्याशेजारी सर्दीची गोळी ठेवली. तिची ही सवय वाईट आहे.

ठराव : उद्या प्रयोग. मोजे काळे, सिलिंडरांना हात लावायचा नाही. काहीही बिघडणार नाही. म्हणजे मोजे, सिलिंडर आणि रिपोर्ट यांचा संबंध नाही हे सिद्ध. भाषणाची सुरुवात यानेच करावी.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ८
प्रयोग पुढे ढकलला. कारण तांत्रिक आहे. आमच्या धंद्यातला पहिला नियम : मशीनवरचा गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, गरजेचा आहे की नाही हे पाहायला गार्ड काढून मशीन चालवायची नसते. हे मीच नवीन कामगारांना शिकवतो. आधी दुसऱ्या मार्गाने खात्री, मग गार्ड काढा. दुसरा मार्ग अजून सापडलेला नाही. तोवर मोजे राहतील.

त्याच नियमाने आजपासून हिच्या कपाचा कान खिडकीकडे. काल तसा होता आणि तिचं दुखणं कमी होतं.

८ मार्च, शनिवार
फिटरने मला पॅकिंग विभागातल्या सिलिंडरपाशी पाहिलं. डोळे मिटलेले होते म्हणे. मी म्हणालो, काटा बारीक आहे, डोळ्यांना ताण येतो. त्याने मान डोलावली.

दुपारी बॉयलरवाला त्याच सिलिंडरला हात लावून पुढे गेला. का रे, म्हणून विचारलं. म्हणाला, साहेब लावतात म्हणून लावला, काहीतरी असणारच. त्याच्या बहिणीचे दिवस भरलेत, आज-उद्या बाळंत होईल.

भाषणासाठी मुद्दा : श्रद्धा अनुकरणातून पसरते. समाज किती बावळट असतो!

९ मार्च, रविवार. सकाळी ९
भयंकर.

खुर्ची रिकामी. ही स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मला वाटलं उशीर झाला असेल. पण ही म्हणाली, गाठ हाताला लागली त्या दिवसापासून मी बसतच नाही, तुमच्या लक्षात आलं नाही का? नाही आलं! निरीक्षक मी!

म्हणजे गेले कित्येक दिवस या घरात त्या खात्याकडे कुणीच पाहत नव्हतं. मी इतकी वर्षं निर्धास्त नास्तिक राहिलो, कारण कुणीतरी बसत होतं. (हे वाक्य भाषणात नको.)

तिला म्हणालो, बस ना, आपली सवय म्हणून. ती म्हणाली, मी आजवर नुसती बसत आले, काही मागितलं नाही. आता बसले तर मागेन. मग ते बसणं बिघडेल. सगळं निस्तरलं की बसेन.

सिद्धान्तात बसत नाही. भीती वाटल्यावर माणसाने श्रद्धेकडे धावायला हवं. ही उलटी निघाली. अपवाद म्हणून सोडून द्यावं.

११ मार्च, मंगळवार
पुन्हा विनवलं. ती वैतागली. म्हणाली, एवढी पडलीय तर तुम्ही बसा.

बसलो. पाच मिनिटं. केवळ मोजमाप म्हणून. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला हिच्याशिवायचं घर दिसलं. दोन कपांऐवजी एकच कप. उठलो तेव्हा शर्ट भिजलेला होता. मला भीती वाटते. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. फार भीती वाटते.

१२ मार्च, बुधवार
बॉयलरवाल्याच्या बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आज पॅकिंगमधल्या सिलिंडरपुढे सात जण होते. फिटर रांग लावत होता. मी ओरडलो, हे आग विझवायचं यंत्र आहे! ते बाजूला झाले आणि म्हणाले, साहेब, आधी तुम्ही.

गेलो. नियमित तपासणी होती.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.४०, लॅबच्या बाहेर
काउंटरवाली बाई म्हणते, पाच मिनिटं थांबा. हिला घरीच ठेवलंय. इथल्या भिंतीवर सिलिंडर नाही. नियमाने असायला हवं. तक्रार करणार.

१०.४६. मनातल्या मनात बोललो : रिपोर्ट चांगला येऊ दे, सोळाचं भाषण देणार नाही. कधीच देणार नाही. समोर कुणी नव्हतं. हा नवस नव्हे. एकतर्फी करार म्हणता येईल.

१०.५२. गाठ साधी. कागदावर स्वच्छ लिहिलंय. तीनदा वाचलं. जिन्यात बसून रडलो. काउंटरवालीने पाणी आणून दिलं, ती मला मालक समजली होती गाठीची.

१५ मार्च, शनिवार
डोकं ठिकाणावर आलं. विचार केला. गाठ होती तशीच होती. मी काय बोललो याने बाटलीतली गाठ बदलत नाही. म्हणजे करार रद्द. भाषण देणार. दणकून देणार.

दुपारी ४. सर्जननी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय.

४.०५. भाषण देता येणार नाही. गार्ड काढायचा नसतो.

ही मात्र सकाळी खुर्चीत जाऊन बसली. पाच मिनिटं. नेहमीसारखी. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
सभागृह भरलेलं. अध्यक्षांना खुणेने सांगितलं की घसा बसलाय. ते गडबडले. मग माझ्याबरोबर आलेली हीच उठली. म्हणाली, कागद द्या, मी वाचते.

माझं भाषण हिने वाचलं. भीती, योगायोग, अनुकरण, सगळं. माझ्यापेक्षा बरं वाचलं. जिथे मी भाबड्या लोकांना हसलो होतो तिथे ती जरा थांबली आणि पुढची ओळ गाळली. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत जीव मुठीत धरून बसलो होतो. भाषण मी दिलं नव्हतं, पण शब्द माझे होते. कराराच्या दृष्टीने हे कसं धरतात कोण जाणे.

शेवटी अध्यक्षांनी तिला गमतीत विचारलं, अशा घरात श्रद्धाळू माणूस कुणी नसेलच ना?

ती म्हणाली, एक आहेत. नवीन आहेत अजून. फार घाबरतात, पण मन लावून करतात.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मीही मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.