आवाज खुलला

हसनाबाद
ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. साधना हीस धर्मराजदादाचे अ. उ. आ.,

पत्र बघून घाबरू नको. दोन महिन्यांत तुझे दहा-बारा फोन आले अन मी एकबी उचलला न्हाई, म्हणून तू रुसून बसलीस हे तुझ्या पप्पूच्या मेसेजवरून कळलं. खरं कारण लिहून राह्यलो. मला ऐकू येत न्हाई.

मिरगाच्या आधी ताप आल्ता. तो उतरला अन कानात पिठाची गिरणी सुरू झाली. भोकरदनच्या डॉक्टरनं जालन्याला धाडलं, तिथल्यानं सांगितलं की नस सुकली, आता मशीन लावा. तुझ्या गल्लीवरून गेल्तो त्या दिवशी, पण आत आलो न्हाई. काय बोलणार होतो?

मशीननं समोरचं माणूस सावकाश बोललं तर समजतं. फोनवर बिलकुल न्हाई. अन गाणं लागलं तर कुणीतरी पत्रा फरफटत नेऊन राह्यलं असं वाटतं. बाईचा आवाज कुठला, पेटी कुठली, काहीच वेगळं होत न्हाई. तुला तर ठाऊक आहे, जत्रेच्या तंबूत मी सिनेमा गाण्यांसाठी पाह्यचो. मारामारी आली की डुलकी, गाणं आलं की जागा. जालन्यात संगीत नाटक असलं की सायकल काढायचो. तू मात्र गाणं सुरू झालं की उठून शेंगा आणायला जायचीस. आता तू जिंकलीस म्हण.

वाईट वाटतं का म्हणशील, तर न्हाई वाटत. उषा गेली तवापासून ते खातंच बंद आहे. जेवण होतं, सोयाबीन बरी आहे, झोप लागते.

एकच काम आहे. नंदूला सांगू नको. बापाच्या गाण्याच्या येडापायी ती संभाजीनगरला नाटकाचं शिकायला गेली. दर रविवारी स्वतःचं गाणं भरून मोबाईलवर पाठवते. फोन केला तर मी रेंज न्हाई म्हणून लिहितो. गाणं आलं की मशीन लावून पत्रा ऐकतो, अन लिहितो, लई छान, आवाज खुलला. पोरीला तेवढंच लागतं.

सोमेश्वररावांना नमस्कार. तुझा राग पत्रानं फिटला असेल असं धरून चालतो.

तुझा
धर्मराज

जालना
ता. ११ ऑगस्ट २०२५

ती. दादास साधनाचा शि. सा. न.,

राग फिटला न्हाई, वाढला. गल्लीपर्यंत आलास अन चहा न घेता गेलास! पत्र वाचून मी कंपनीत दिवसभर बियाण्याच्या चाळणीपाशी उभी होते. तिथं एवढा खडखडाट असतो की सगळेच बहिरे असतात. म्हटलं, दादाच्या घरी आता असं असेल का.

मी जिंकले न्हाई. गाण्याशी माझं वैर कधीच नव्हतं. मी जात्यावरच्या ओव्या म्हणते, भजनाला बसते. पण त्या नाटक-सिनेमात माणूस चांगला बोलत असतो, अन दुःख गळ्याशी आलं की गायला लागतो. खरा माणूस तिथं गप होतो. वहिनी गेल्या तवा तू तीन दिवस तोंडातून शब्द काढला न्हाई. तिथं कुणी दोन कडवी म्हटली असती तर मी उठूनच गेले असते. अन बाजूचे लोक? एक जण गाऊन राह्यला अन बाकीचे खांबासारखे उभे. मला त्यांचीच लाज वाटते.

नंदूला सांगत न्हाई, कारण तू मोठा आहेस. पण मला हे पटलेलं न्हाई. न ऐकलेल्या गाण्याला छान म्हणणं म्हणजे न चाखता भाजीला मीठ बराबर म्हणणं. एक दिवस ती अळणी निघते.

मशीन पावसात भिजवू नको. जल्दी उत्तर दे.

तुझी धाकटी
साधना

छत्रपती संभाजीनगर
ता. २ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आत्यास राजनंदिनीचा सा. न. वि. वि.,

मोबाईलवर लांब लिहिलं की तू चष्मा सापडत नाही म्हणून पप्पूला मोठ्यानं वाचायला लावतेस. हे त्याने वाचायला नको, म्हणून कागदावर. आणि फोन करता येत नाही, कारण मला बोलायला बंदी आहे.

महिनाभर आवाज चिरकत होता. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्यात. तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. तालमीत मी नायिकेचं काम करत होते. ते आता कल्याणीकडे गेलं. सरांनी नीटच सांगितलं, कुणाची चूक नाही. गाठी बसतील की कापाव्या लागतील, आवाज तोच राहील की नाही, हे कुणी सांगत नाही.

मौन सुरू व्हायच्या आदल्या रात्री, म्हणजे रविवारी, मी हे सगळं अण्णांना बोलून पाठवलं. चार मिनिटं बोलले. काम गेलं, आवाज जाईल की काय याची भीती वाटते, घरी येऊ का, असं विचारलं. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. लई छान, आवाज खुलला, असंच गात राह्य.

मी ते कितीदा वाचलं, सांगता येणार नाही. आधी वाटलं, चिडलेत. मग वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही, कधीच ऐकत नव्हते. रडू आलं नाही. मेसमध्ये जाऊन जेवले. मुली आता माझ्याशी खुणांनी बोलतात, जसं काही मला ऐकूही येत नाही.

कल्याणीचा प्रयोग १३ तारखेला जालन्यात आहे. मी कपडेपटावर थांबायला हवं, पण सरांनी सुट्टी दिली. तुझ्याकडे राहायला आले तर चालेल का? हसनाबादला नाही जायचं.

तुझ्या मायेची वाट पाहणारी
नंदू

जालना
ता. ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास शि. सा. न.,

हे पत्र पप्पूच्या हाती गाडीवर पाठवते आहे. सोबत नंदूचं पत्र ठेवलं आहे. आधी ते वाच, मंग माझं.

वाचलंस? रविवारी तिनं गाणं पाठवलंच नव्हतं. ती बोलत होती.

मी तिला अजून काही कळवलं न्हाई. राहायला ये, एवढंच लिहिलं. बाकीचं तू सांगायचं. मी सांगितलं तर ते माफीपत्र होईल, तू सांगितलंस तर खरं होईल. तुला काहीच वाटत न्हाई असं लिहितोस. नको वाटू दे. पण एसटीत बसायला वाटावं लागत न्हाई.

१३ तारखेच्या नाटकाची तिकिटं तीन काढून ठेवते. मीही येते. उठून जाणार न्हाई, असा शब्द देते.

तुझी
साधना

हसनाबाद
ता. १५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. साधना हीस अ. उ. आ.,

काल तुझ्याकडून निघताना नीट बोलणं झालं न्हाई, म्हणून लिहून राह्यलो.

तुझं पत्र वाचून मी संभाजीनगरला गेल्तो, तिथं काय झालं हे तू विचारलं न्हाईस. वसतिगृहाच्या फाटकाशी बसलो होतो. नंदू आली, माझ्याकडं बघितलं न्हाई. मी तोंडानं सांगायचं ठरवून गेल्तो. मंग कानातलं मशीन काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं. वहीत लिहिलं, कधीपासून? मी म्हटलं, मिरगाच्या आधीपासून. तिनं लिहिलं, माझी गाणी? मी म्हटलं, एकबी ऐकलं न्हाई बाई. तिनं वही मिटली. मंग उघडून लिहिलं, भूक लागली. आम्ही समोर पोहे खाल्ले. ना ती रडली, ना मी.

आता नाटकाचं. तू शब्द पाळलास, पहिल्या अंकात जांभया किती दिल्यास ते मोजलं न्हाई. घरी आल्यावर म्हणालीस की नायिका झालेली ती पोरगी गाण्यासाठी एका जागी थांबली म्हणून तुला तिच्या तोंडाकडं बघायला वेळ मिळाला, न्हाईतर नुसतं बोलून निघून गेली असती. मला तरी गाण्याबद्दल याच्यापुढं काही सांगता आलं नसतं. बाकीचे खांबासारखे उभे होते, ते मात्र खरं.

पण एक तुला दिसलं न्हाई, कारण तू माझ्या पलीकडं होतीस. पडदा उघडला अन पत्रा सुरू झाला. मी मशीन काढून खिशात टाकलं. मंग काहीच न्हाई. रंगीत कपड्यातली माणसं, उघडी तोंडं. सहज नंदूकडं बघितलं. ती ताठ बसली होती, ओठ मिटलेले, हात मांडीवर. अन तिचा गळा हलत होता. मंचावरचा उजेड बराबर त्याच्यावर पडत होता. कातडीखाली तो वर चढायचा, थरथरायचा, खाली यायचा. ओळ कुठं सुरू झाली, तान कुठं घेतली, सम कुठं आली, समदं तिथं दिसत होतं. समोरची पोरगी एका जागी लवकर सुटली, नंदूचा गळा अर्धी मात्रा मागं राह्यला, तेबी कळलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी गाणं ऐकत होतो, साधना. अख्खं पद ऐकलं.

दुसरं पद सुरू झालं तवा डोक्यात आलं की डॉक्टरनं कुजबुजसुद्धा नको म्हटलं आहे. हे तर त्याच्याहून जास्त. तिला स्वतःला कळत नव्हतं ती काय करून राह्यली ते. मी थांबलो. खोटं कशाला लिहू, तिला अडवायच्या आधी आणखी एक कडवं मी थांबलो.

मंग तिच्या हातावर हात ठेवला अन माझ्या गळ्याला बोट लावून मान हलवली. तिनं बघितलं. आवंढा गिळला. गळा स्थिर झाला.

पुढचे दोन अंक आम्ही तिघं शेजारी शेजारी नुसते बसलो.

तिला वेळेवर जेवू घाल. मौन सुटेपर्यंत तुझ्याकडंच राहू दे. लोभ तुझा मोठा आहे, त्यातला थोडा इकडं येऊ दे.

तुझा
धर्मराज