तिसऱ्या पानाचं चित्र

भाईंदर (प.)
१४ नोव्हेंबर २००८

ती. सौ. ताईस,
यतीनचा नमस्कार.

'सौ.' पाहून चमकली असशील. लग्नाला चार वर्षं झाली तुझ्या, पण माझ्याकडून ते अक्षर आजच लिहिलं जातंय.

इकडे सगळी बरी आहेत. आमच्या हिचा, संपदाचा, खोकला गेला. तुळशीचं लग्न लागल्यापासून दुकानात पत्रिकांची झुंबड आहे, मान वर करायला फुरसत नाही. अप्पांची खुर्ची अजून काउंटरच्या आतच आहे. कुणी गिऱ्हाईक तिच्यावर बसायला गेलं की मी धावत जाऊन स्टूल देतो. मस्कतला थंडी पडते का गं? अनिशरावांनाही विचारलंय म्हणून सांग.

हे पत्र मी हाताने लिहितोय आणि स्कॅन करून मेलला जोडतोय. टाइप केलं असतं, तर उद्या पुन्हा फॉन्टची सबब सांगायला मी मोकळा.

मार्चमध्ये दुकानाच्या मेलवरून तुला एक फाइल आली होती, आठवते? उघडलीस तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चौकोन. 'अप्पांनी काय पाठवलंय? वाचता येत नाहीये,' असं तू विचारलंस. मी उत्तर दिलं, 'कुणाची तरी पत्रिका चुकून गेली. काढून टाक.'

ती पत्रिका नव्हती, ताई. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं. ते अप्पांचं पत्र होतं. साठी उलटल्यावर कीबोर्डवर बोटं चालवायला शिकलेला माणूस. आठ दिवस दुपारी बसून त्यांनी ते लिहिलं. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर, जुन्या छापखान्यात खिळे जुळवावेत तसं. त्या फाइलमध्ये मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात ना, त्या बघून एकदा मला म्हणाले, "यतीन, हे यंत्र म्हणतंय, माझं सगळंच चुकलंय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर म्हणतंय."

पाठवायचं काम माझ्याकडे दिलं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. आपला फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसतो, हे मला माहीत होतं. छपाईला फाइल द्यायची तर आधी अक्षरांचं चित्र करून द्यायचं, हे आमच्या धंद्यातलं श्रीगणेशाचं काम. त्या दिवशी मी ते केलं नाही. विसरलो नाही, केलं नाही. फाइल तशीच जोडली आणि बटण दाबलं.

का, ते सांगतो. पहिलं पान माझ्या नजरेखालून गेलं होतं. 'समिधा, तीस वर्षं लोकांच्या मुलींची नावं मोठ्या टायपात लावली. तुझं लावायला हात आखडला. चूक माझी.' ताई, माझा जळफळाट झाला. तू गेल्यावर अप्पांचं औषधपाणी, चिडचिड, अबोला सगळं मी सोसलं. मला त्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि तुला तीन पानं! पुढची दोन मी वाचलीसुद्धा नाहीत.

त्यानंतर अप्पा रोज चार वाजता चहा घेऊन विचारायचे, "आलं का रे काही?" मी म्हणायचो, "नाही." गणपतीपर्यंत विचारत होते. शेवटी म्हणाले, "तिचा राग रास्त आहे. आता नको विचारू." विचारत तेच होते. पुढच्याच आठवड्यात गेले.

तू आलीस, सासरी हंसाबेनकडे उतरलीस, तेराव्यापर्यंत राहिलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. तू अप्पांच्या फोटोसमोर बसली होतीस आणि मी मंडपवाल्याचं निमित्त काढून खाली गेलो.

गेल्या रविवारी तुझ्या सासूबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "यतीनभाई, समिधा फोन पे रोज रोती है. एकच बोलते, पप्पाने मला माफ नाय केला." मला पुढची पायरी दिसेना.

त्याच दिवशी फाइल काढली. पानं दुसऱ्या प्रोग्राममध्ये उचलली की ओळी हलतात, आणि मला अप्पांनी मांडलेली ओळ न् ओळ तशीच हवी होती. म्हणून आपल्याच मशीनवर पीडीएफ केली आणि इंटरनेटवरच्या एका साइटवर चढवली. ती प्रत्येक पानाचं वेगळं चित्र करून देते. चित्राला फॉन्ट लागत नाही, कुठेही उघडतं. लाल रेघाही त्यात आल्या नाहीत, अक्षरं स्वच्छ आली आहेत.

एकेक चित्र उघडून बघितलं आणि तिसऱ्यावर थांबलो.

तिसरं पान म्हणजे पत्रिका आहे, ताई. तुझी. वर श्रीगणेश, मधोमध मोठ्या टायपात 'आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. समिधा', शेजारी 'चि. अनिश'. तारीख तुम्ही रजिस्टर लग्न केलंत तीच. निमंत्रक म्हणून अप्पांचं नाव, हरिश्चंद्र. मी तुला खोटं म्हणून जे लिहिलं, ते खरंच निघालं. फक्त 'कुणाची तरी' नव्हती.

आणि तळाशी, जिथे आपण घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं टाकतो ना, तिथे त्यांनी या बत्तीस वर्षांच्या घोड्याचं नाव टाकलंय. माझ्या वाट्याच्या दोन ओळी तिथे होत्या, आणि मी त्या पाठवल्या पण वाचल्या नाहीत.

तुला जे त्यांच्याकडून मिळायचं होतं, ते मी आठ महिने अडवून धरलं. त्यांना तुझं उत्तर मिळू दिलं नाही. याला माफी मागायची कशी, मला कळत नाही. तू नाही केलंस माफ, तरी मी रोज चार वाजता मेल बघेन.

चित्रं क्रमाने उघड. तिसरं शेवटी.

त्यांनी माझ्या नावावर जे लिहिलंय, तेच खाली उतरवतोय. त्या लग्नाला मी स्वतः आलो नव्हतो.

आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!
— यतीन